हलके मीठ : हृदयविकाराच्या रुग्णाच्या आहाराचे एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या दवाखान्यातले आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, कुटुंब आणि गाव यांचे काही तपशील बदलले आहेत. प्रकरण लिहून ठेवण्याचे कारण असे की त्यात कोणीही अपथ्य केले नव्हते. रुग्णाने आणि घरच्यांनी हृदयासाठी जे जे चांगले म्हणून सांगितले जाते तेच मन लावून केले, आणि त्यातूनच रुग्ण अत्यवस्थ झाला.

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात राहणारे हे गृहस्थ एस.टी.तून चालक म्हणून निवृत्त झाले होते. वय ५९. त्यांना येथे आबा म्हणू. घरात ते, त्यांची पत्नी आणि ८२ वर्षांची आई अशी तीन माणसे. मुलगा मुंबईला नोकरीस. फेब्रुवारीत एका रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले. पित्त असेल असे समजून ओव्याचे पाणी घेण्यात रात्र गेली आणि उपचार सुरू व्हायला सात तास उशीर झाला. पुढे गोव्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी बंद पडलेली धमनी उघडून तिथे स्टेंट बसवला गेला, पण तोवर त्या भिंतीचा बराच स्नायू मेला होता. घरी येताना इकोच्या अहवालावर इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाच्या कप्प्यातले किती रक्त एका ठोक्याला बाहेर फेकले जाते तो आकडा, ३० टक्के लिहिलेले होते. आमच्याकडे रुग्ण त्याला ‘पंपिंग’ म्हणतात, आणि तो आकडा बँकेतल्या शिलकीसारखा सर्वांना तोंडपाठ असतो.

रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे, रोसुव्हास्टॅटिन, बिसोप्रोलोल, रामिप्रिल, डापाग्लिफ्लोझिन, स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलीग्रॅम आणि लघवीसाठी टॉर्सेमाईड १० मिलीग्रॅम अशी औषधे सुरू झाली. यादी लांबलचक असली तरी योग्यच होती. आहाराविषयी डिस्चार्ज कार्डावर चारच शब्द होते : ‘कमी मीठ, कमी तेल’. अशी कार्डे मीही वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे, त्यामुळे त्यावर बोट ठेवण्याचा मला अधिकार नाही.

त्या चार शब्दांपैकी घराने ‘तेल’ ऐकले, आणि तेल म्हणजे नारळ असा अर्थ घेतला. ज्याला त्याला नारळाविषयी काही ना काही सांगायचे होते. आमटीतले वाटण गेले, सोलकढी गेली, भाजीवरचे खोबरे गेले. नारळातील स्निग्धांश बहुतांशी संपृक्त असतो आणि त्याने एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते, हे खरेच आहे. पण स्टॅटिनमुळे आबांचे एलडीएल तेव्हा ५८ होते. नारळाच्या नावाने जेवढी काळजी वाहिली गेली, तेवढी मिठाच्या वाट्याला आली नाही.

पहिली अडचण : आगोटीची सुकी मासळी

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आबा दवाखान्यात आले तेव्हा आठ दिवसांत वजन ६१ किलोवरून साडेपासष्टवर गेले होते. पायांना सूज होती आणि रात्री दोन उशा लावून बसल्यासारखे झोपावे लागत होते. चार दिवस दाखल करून फ्युरोसेमाईडची इंजेक्शने दिली आणि पाणी उतरले.

गोळ्या वेळेवर चालू होत्या. मी विचारले, “जेवताना वरून मीठ घेता का?” उत्तर आले, नाही. ते खरे होते. मी विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. ताजी मासळी दुर्मीळ आणि महाग होते, आणि घराघरांत आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी, भरून ठेवलेले सुके मासे बाहेर निघतात. आबांची सकाळ उकड्या तांदळाच्या पेजेने होत असे. पेजेत मीठ असतेच, आणि तिच्याबरोबर निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा असे. हा बांगडा पोट चिरून खडे मिठात मुरवून वाळवलेला असतो. तो भाजला की त्याच्या कडांवर मिठाचे पांढरे कण डोळ्यांना दिसतात. त्याला ‘मीठ’ म्हणून कोणी मोजत नाही, कारण तो मासा आहे.

ही माहिती मला त्या वेळी मिळाली नाही, कारण मी विचारलीच नाही. मी दोन गोष्टी केल्या. रक्तातले पोटॅशियम ४.३, मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन १.१ आणि रक्तदाब ठीक असल्याने स्पायरोनोलॅक्टोन २५ वरून ५० मिलीग्रॅम केले. आणि घरच्यांना नेहमीपेक्षा जरा कडक स्वरात सांगितले की मीठ एकदम कमी करा. आबांच्या पत्नी, ज्यांना मी काकी म्हणतो, तेव्हा म्हणाल्या, “मीठ नाय तर ते जेवतले काय?” मी म्हणालो, सवय होईल. त्यांचा प्रश्न व्यावहारिक होता आणि माझे उत्तर तसे नव्हते. या प्रकरणातला पहिला चुकीचा वळणबिंदू मी तिथे मानतो.

मधले सहा आठवडे

डोस वाढवल्यावर आठवड्याने केलेल्या तपासणीत पोटॅशियम ४.९ आले. मर्यादेच्या आत म्हणून मी पुढे गेलो. एका आठवड्यात ते ०.६ ने चढले आहे, हे मी पाहिले नाही. पुढची तपासणी चौथ्या आठवड्यात, म्हणजे गणपतीच्या तोंडावर येत होती. विसर्जनानंतर या, असे मीच फोनवर सांगितले. कोकणात त्या दिवसांत रक्त तपासायला बोलावणे अवघड असते, हे कारण खरे आहे, पण ते पुरेसे नाही.

दरम्यान घरात काय चालले होते ते मला नंतर कळले. अळणी जेवणाने आबांची भूक मेली. काकींनी ते मुलाच्या कानावर घातले. मुलाने मुंबईहून कमी सोडियमच्या मिठाची चार पाकिटे पाठवली. या मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते. पाकिटाच्या दर्शनी बाजूला हृदयाचे चित्र होते आणि पोटॅशियमचा उल्लेख मागे बारीक अक्षरांत होता. घरात त्याचे नाव ‘हलके मीठ’ पडले. हलके म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ त्यात आपोआप आला. हे मीठ जिभेला कमी खारट लागते म्हणून काकी ते थोडे जास्तच घालत.

दुसरी गोष्ट शहाळ्यांची. परसात स्वतःचे माड होते आणि खोबरे घरात वर्ज्य झालेले. मग नारळ पिकू देण्याऐवजी शहाळी उतरवली जाऊ लागली, आणि आबा रोज दोन शहाळ्यांचे पाणी पिऊ लागले. संध्याकाळी एक केळे. यातली कोणतीही वस्तू स्वभावतः वाईट नाही. मूत्रपिंडे धड असलेल्या आणि यांपैकी कोणतेही औषध न घेणाऱ्या माणसाला याच आहाराबद्दल मी शाबासकी दिली असती.

नंतर मी कागदावर ढोबळ हिशेब मांडला. शहाळ्याच्या १०० मिलीलिटर पाण्यात सुमारे २५० मिलीग्रॅम पोटॅशियम असते. दोन शहाळ्यांचे ६०० मिलीलिटर धरले तर १,५०० मिलीग्रॅम होतात. मिठात ३० टक्के पोटॅशियम क्लोराईड आणि रोजचा वापर आठ ग्रॅम धरला तर आणखी साधारण १,२५० मिलीग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढाने दिवसभराच्या सगळ्या आहारातून किमान ३,५१० मिलीग्रॅम पोटॅशियम घ्यावे असे सुचवते. म्हणजे भात, डाळ, भाजी, मासे, केळे यांतून येणारे पोटॅशियम मोजण्याआधीच त्या शिफारशीच्या तीन चतुर्थांशाहून अधिक भरती झाली होती. दुसरीकडे रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन ही दोन्ही औषधे मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम मंदावतात.

शेवटचा धक्का बाहेरून आला. गणपतीत पाच दिवस भजनाला जमिनीवर बसून आबांचे गुडघे धरले. नात्यातल्या एकाने दिलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या त्यांनी चार दिवस घेतल्या. हृदय कमजोर असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच काठावर असतो. या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी तो आणखी आकसतो.

घटना आणि पहिला निर्णय

विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आबांना रिक्षातून आणले. पडवीच्या तीन पायऱ्या चढताना पाय उचलत नव्हते. घरच्यांना तो गणपतीचा शीण वाटला होता. नाडी ४२ होती आणि रक्तदाब ९८ वर ६०. छातीत दुखत नव्हते, सूज नव्हती, वजन ६०. पहिल्या दृष्टीला हा बिसोप्रोलोलचा परिणाम वाटला असता, कारण त्या औषधाने नाडी मंदावतेच. ईसीजीची पट्टी यंत्रातून बाहेर आली आणि तो विचार मागे पडला. टी लहरी तंबूच्या खांबासारख्या उंच आणि टोकदार होत्या, पी लहरी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या, ठोक्याची मुख्य लहर म्हणजे क्यूआरएस रुंद झाले होते. ही रक्तात पोटॅशियम फार वाढल्याची चिन्हे.

रक्त प्रयोगशाळेत पाठवले. अर्ध्या तासाने फोन आला : पोटॅशियम ६.९, क्रिएटिनिन २.१. तंत्रज्ञाने प्रामाणिकपणे विचारले, “सर, सॅम्पल हिमोलाइज झालं असेल, परत पाठवता का?” प्रश्न रास्त होता. रक्त काढताना दंडाची पट्टी फार वेळ घट्ट राहिली किंवा नळी हेलकावत गेली, तर पेशी फुटून पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी हे वारंवार घडते. आकडा खरा की खोटा याची खात्री करायची तर आणखी पाऊण तास जाणार होता. ईसीजी स्वच्छ असता तर मी थांबलो असतो. तसा तो नव्हता. दुसरा नमुना पाठवला, पण त्याची वाट न पाहता कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलीलिटर शिरेतून सावकाश दिले. कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही, हृदयाच्या स्नायूला तेवढ्यापुरते संरक्षण मिळते. पाच मिनिटांनी काढलेल्या पट्टीवर क्यूआरएस अरुंद झालेले दिसले. त्याने निदानही पक्के झाले.

मग पोटॅशियम पेशींच्या आत ढकलण्यासाठी इन्सुलिन आणि सोबत डेक्स्ट्रोज दिले, दर तासाला साखर तपासली. सॅल्ब्युटॅमॉलचे नेब्युलायझेशन हा तिसरा नेहमीचा उपाय. सात महिन्यांपूर्वी मोठा झटका येऊन गेलेल्या हृदयाची गती त्याने एकदम वाढू नये म्हणून मी ते हाताशी ठेवले, वापरले नाही. डायलिसिसची सोय जवळ नव्हती, म्हणून १०८ ला कळवून ठेवले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी फोन केला. स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल आणि डायक्लोफेनॅक बंद केली. शरीरात पाणी कमी पडले होते, त्यामुळे टॉर्सेमाईडही थांबवून, फुप्फुसांवर कान ठेवत, जपून सलाईन दिले. दुसऱ्या नमुन्यात पोटॅशियम ६.८ आले, म्हणजे पहिला आकडाही खराच होता. चार तासांनी ५.९ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ५.१. रुग्णवाहिका लागली नाही.

कारण सापडले ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही आडवळणाने. मी पुन्हा मिठाविषयीच विचारत होतो. काकी जराशा दुखावून म्हणाल्या, “मीठ तर आमी बंदच केला, डॉक्टरानू. झिलान मुंबैसून हाडलला ता घालतंय थोडा.” मी पाकीट आणायला सांगितले. त्यामागची बारीक ओळ वाचताना मला जे वाटले त्याचे वर्णन करत नाही. एवढेच सांगतो की ती वाचल्यावर काकींना मी दोष देऊ शकलो नाही.

तोललेले पर्याय

संकट टळल्यावर खरा अवघड प्रश्न पुढे आला. स्पायरोनोलॅक्टोनचे काय करायचे?

सर्वांत सोपा पर्याय ते कायमचे बंद करण्याचा होता. घरच्यांना तेच हवे होते, कारण त्यांच्या दृष्टीने ‘त्या गोळीने’ घात केला होता. मलाही एका पातळीवर तेच सोयीचे होते. पण १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या रेल्स या चाचणीत, गंभीर हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडलेल्या, १,६६३ रुग्णांत, या स्वस्त गोळीने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला होता. तिचा सरासरी डोस २६ मिलीग्रॅमच्या आसपास होता. ५९ वर्षांच्या, ३० टक्के पंपिंगच्या माणसाकडून हा लाभ एका मिठाच्या पाकिटापायी काढून घ्यावा का?

त्याच चाचणीची दुसरी बाजूही आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. चाचणीत पोटॅशियमचे गंभीर प्रश्न फारसे उद्भवले नव्हते, कारण रुग्ण निवडून घेतलेले होते आणि तपासण्या काटेकोर होत्या. निष्कर्ष प्रसिद्ध होताच हे औषध सर्रास लिहिले जाऊ लागले. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, हार्ट फेल्युअर असलेल्या आणि रामिप्रिलच्या जातीची औषधे घेणाऱ्या वृद्ध रुग्णांत पोटॅशियम वाढून दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, ते २००१ मध्ये ११ झाले. माझ्या दवाखान्यात जे घडले ती त्याच गोष्टीची छोटी आवृत्ती होती : चाचणीतले औषध घेतले, चाचणीतली देखरेख घेतली नाही. डोसही चाचणीतल्या सरासरीच्या दुपटीजवळ नेला.

दुसरा पर्याय, गोळी चालू ठेवून आतड्यात पोटॅशियम बांधून घेणारी भुकटी रोज देणे. ती भुकटी खायला वाळूसारखी लागते, बद्धकोष्ठ होतो, आणि आधीच आठ औषधे घेणारा माणूस ती किती दिवस घेईल याची मला शंका होती. या जातीची नवी औषधे आहेत, पण त्यांचा खर्च या घराला पेलणारा नव्हता.

तिसरा पर्याय असा की वाढीची टाळता येण्याजोगी कारणे, म्हणजे हलके मीठ, शहाळी आणि डायक्लोफेनॅक, काढून टाकायची आणि गोळी अर्ध्या मात्रेने, ठरलेल्या दिवशी रक्त तपासत, पुन्हा सुरू करायची. याचा धोका उघड होता : पुन्हा तसेच झाले तर? मी दोन दिवस विचार केला, हृदयरोगतज्ज्ञांशी बोललो, आणि हा पर्याय निवडला. अट एकच घातली. तपासणीची तारीख चुकली तर गोळी त्या दिवसापासून बंद.

आहाराबाबतही निवड करायची होती. या अनुभवानंतर काकी साधे मीठही घालायला घाबरत होत्या. मीठ जितके कमी तितके बरे, असे मीही पूर्वी मानत असे. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सोडियम-एचएफ चाचणीत, सहा देशांतल्या ८०६ हार्ट फेल्युअर रुग्णांपैकी निम्म्यांना रोज १,५०० मिलीग्रॅमपेक्षा कमी सोडियमचा आहार सुचवला गेला आणि वर्षाअखेर मृत्यू किंवा रुग्णालयाच्या फेऱ्या यांत ठोस फरक दिसला नाही. जगणे थोडे सुसह्य झाल्याचे मात्र त्या गटाने नोंदवले. मी यातून असा अर्थ घेतला की अतिरेक टाळावा, पण अळणी जेवणापायी भूक आणि स्नायू गमावण्याइतके कडक होण्याची गरज नाही. आबांसाठी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत साधे मीठ, हे उद्दिष्ट ठरवले.

स्वयंपाकघरात काय केले

उद्दिष्ट कागदावर लिहिणे सोपे होते. पूर्वी घरात मिठाचे एक किलोचे पाकीट किती दिवस पुरायचे, हे काकींना विचारले. तीन-साडेतीन आठवडे, त्या म्हणाल्या. तीन माणसांत वाटले तर माणशी रोज साधारण १४ ते १६ ग्रॅम. मासे धुण्यात आणि मुरवण्यात काही जाते असे धरले तरी आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच ग्रॅमच्या मर्यादेच्या दुपटीवर राहतो, आणि त्यात सुके मासे व लोणचे धरलेलेच नाही. तेव्हापासून काकी नवे पाकीट फोडले की त्यावर पेनाने तारीख घालतात. ज्या घरात कोणी ग्रॅम मोजणार नाही, तिथे याहून चांगले मोजमाप मला सापडलेले नाही.

आबांसाठी एक लहान झाकणाची डबी ठरवली. सकाळी तिच्यात सपाट भरलेला, कडेपासून किंचित कमी, एक चहाचा चमचा मीठ घालायचे. आमटी, भाजी, कालवण आबांसाठी मिठाशिवाय बाजूला काढायचे, आणि त्यांनी डबीतले मीठ आपल्या ताटात आपल्या मर्जीने घालायचे. डबी रिकामी झाली की दिवस संपला. या व्यवस्थेने एक अनपेक्षित गोष्ट साधली. ‘मीठ घालू नका’ ऐकून चिडणारे आबा आता हिशेबाने वागू लागले. पेजेत मीठ घालून ते वाया जाते, त्यापेक्षा दुपारच्या माशासाठी राखावे, हा शोध त्यांचा स्वतःचा. आयुष्यभर डिझेलचा हिशेब दिलेल्या माणसाला डबी लगेच समजली. त्यांनी वहीत रोजचे वजनही लिहायला घेतले.

चवीची बाजू काकींनी सांभाळली. ताज्या बांगड्याचे आणि तारल्यांचे तिखले, त्यात आमसूल आणि ठेचलेली तिरफळे, लसणीचा हात थोडा सैल. आंबट, तिखट आणि तिरफळाचा झणका असला की मिठाची उणीव निम्मी भासते, हे त्यांचे म्हणणे मी आता इतर रुग्णांना सांगतो. आणि मी त्यांना खोबरे परत दिले : दिवसाला दोन चमचे ओले खोबरे वाटणात. एलडीएल औषधाने ताब्यात होते, आणि त्या वाटणाने कमी मिठाचे कालवण घशाखाली उतरत असेल तर तो सौदा मला फायद्याचा वाटला. काही सहकाऱ्यांना हे पटणार नाही. खारा बांगडा, सुकट, लोणचे, पापड मात्र पूर्ण बंद. खारा मासा तासभर पाण्यात ठेवला तर चालेल का, असे विचारले गेले. मीठ काही प्रमाणात सुटते, पण किती सुटले हे घरी मोजता येत नाही, म्हणून नाही म्हणालो.

शहाळी सुरुवातीला पूर्ण थांबवली. गुडघ्यांसाठी पॅरासिटॅमॉल आणि शेक. जुलाब, उलट्या किंवा जेवण तुटले तर स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल आणि डापाग्लिफ्लोझिन त्या दिवसापुरती थांबवून फोन करायचा, हे मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तरीही फोन.

परिणाम

दहा दिवसांनी क्रिएटिनिन १.२ आणि पोटॅशियम ४.५ झाले. रामिप्रिल आधी लहान मात्रेने सुरू केले, ते पचल्यावर स्पायरोनोलॅक्टोन साडेबारा मिलीग्रॅम. आठवड्याने ४.७, चार आठवड्यांनी ४.८. तिसऱ्या महिन्यात २५ वर नेले आणि तिथेच ठेवले. ५० चा विचार पुन्हा केला नाही. सगळे स्थिर झाल्यावर आठवड्याला एक शहाळे परत आले.

पुढचा पावसाळा आबांनी रुग्णालयाबाहेर काढला. वजन ६० ते ६२ च्या मध्ये राहिले, टॉर्सेमाईड निम्मे झाले. वर्षाच्या इकोत इजेक्शन फ्रॅक्शन ४१ टक्के आले. हे आहाराने झाले का, असे आबांनी विचारले, आणि त्यांना हो ऐकायचे होते हे दिसत होते. हे श्रेय मुख्यतः स्टेंटचे आणि चार प्रकारच्या औषधांचे आहे, असे मी त्यांना सांगितले. आहाराने पाणी साठणे थांबले, आणि ती औषधे अंगी लागतील इतका काळ ती चालू ठेवता आली. मेलेला स्नायू खाण्याने परत येत नाही. त्यांनी थोडा वेळ वहीची पाने चाळली आणि विचारले की मग डबी चालू ठेवायची ना. ठेवायची, मी म्हणालो.

वेगळे काय करता आले असते

जुलैत मी स्पायरोनोलॅक्टोन वाढवायला नको होते. पाणी का साठले याचे कारण न शोधता मी औषध वाढवले. खाऱ्या बांगड्याचा पत्ता तेव्हाच लागला असता तर २५ मिलीग्रॅम पुरेसे होते. आता मी ‘मीठ खाता का’ असे विचारत नाही. ‘काल सकाळपासून काय काय खाल्ले’ असे विचारतो, पावसाळ्यात सुक्या मासळीचे नाव घेऊन विचारतो, आणि शक्यतो रांधणाऱ्या व्यक्तीला विचारतो.

दुसरे, एखादी गोष्ट बंद करायला सांगताना तिच्या जागी घरात काय येणार, हे विचारण्याची सवय मला नव्हती. मीठ काढल्यावर हलके मीठ आले, खोबरे काढल्यावर शहाळे आले. दोन्ही बदल समंजसपणे केलेले होते, आणि दोन्ही मी लिहिलेल्या औषधांशी भांडणारे होते. तपासणी गणपतीआधी दोन दिवस घेता आली असती. चौथ्या आठवड्यातला आकडा बहुधा साडेपाचच्या पुढे असता, आणि तेवढ्यावर डोस निम्मा करून प्रकरण मिटले असते.

कमी सोडियमच्या मिठाविषयी मात्र या एका प्रकरणावरून सरसकट मत बनवू नये. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, २५ टक्के पोटॅशियम क्लोराईड असलेल्या अशाच मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. त्या चाचणीत मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेले आणि पोटॅशियम रोखून धरणारी औषधे घेणारे लोक वगळलेले होते. म्हणजे आबा त्या चाचणीत घेतलेच गेले नसते.

काकींनी उरलेली दीड पाकिटे फेकून दिली नव्हती. पैसे मोजून घेतलेली वस्तू त्यांच्याने टाकवत नाही. सासूबाईंना रक्तदाब आहे, त्यांच्या जेवणात ते मीठ घातले तर चालेल का, असे त्यांनी पुढच्या भेटीत विचारले. आधी आजींचे क्रिएटिनिन पाहू, असे मी सांगितले. ते १.६ निघाले. पाकिटे मग मुंबईला मुलाकडे परत गेली. त्याचे वय ३२, रक्तदाब काठावर, मूत्रपिंडे ठीक, औषध कोणतेही चालू नाही. पाठवण्यापूर्वी काकींनी त्यांच्यावर तारीख घातली होती.